‘तिच्या’विरुद्ध दिवाणी दावा : माझा अनुभव

नवऱ्याचं दुसऱ्या बाईशी प्रकरण होतं, आणि तिच्याविरुद्ध काय करता येईल हे विचारायला मी वकीलबाईंकडे गेले. पोलीस ठाण्यात जाऊन काही उपयोग नाही, हे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगून टाकलं. व्यभिचाराचं कलम ४९७ सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०१८ मध्येच रद्द केलंय. आणि ते असतं तरी माझ्या कामाचं नव्हतं. त्या कलमाखाली तक्रार करायची नवऱ्याने, तीही बायकोच्या प्रियकराविरुद्ध. नवऱ्याने बाहेर काहीही केलं तरी बायकोला दाद मागायची सोयच त्यात नव्हती. ख्रिश्चनांच्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यात भरपाई मागायची तरतूद होती, पण तीही फक्त नवऱ्यासाठी. २००१ च्या दुरुस्तीत ती गेली.

मग उरतो दिवाणी दावा. सप्टेंबर २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने एका पत्नीचा असा दावा ऐकायला घेतला, नवऱ्याच्या आयुष्यात आलेल्या बाईविरुद्ध, नुकसानभरपाईचा. गुन्हा उरला नाही म्हणून भरपाईची जबाबदारीही संपली असं होत नाही, आणि असा दावा फॅमिली कोर्टातच लावला पाहिजे असंही नाही, असं त्या आदेशात आहे. दादाने ती बातमी मला फॉरवर्ड केली आणि खाली लिहिलं, “ठोक दावा.” वकीलबाईंचा उत्साह बेताचाच होता. “ताई, तिथे फक्त समन्स निघालंय. पैसे अजून कुणाच्या हातात पडलेले नाहीत. आणि दिल्लीचा आदेश आपल्या कोर्टावर बंधनकारक नाही, दाखवता येतो इतकंच.”

दोघांचं प्रकरण होतं हे दाखवणं त्यातल्या त्यात सोपं. खरी गोम पुढे आहे. संसार आधी बरा चालला होता, तिने जाणूनबुजून त्यात ढवळाढवळ केली आणि त्यामुळेच तो मोडला, हे तिन्ही दाखवावं लागतं. नवरा आपल्या पायाने चालत गेला असं दिसलं, तर दाव्यातली हवाच जाते. माझ्या मते या दाव्याचं सगळ्यात मोठं भोक हेच आहे. ज्याने लग्नाचा शब्द दिला होता तो बाजूला राहतो, आणि आपण सिद्ध काय करायचं, तर त्याला फितवलं गेलं.

त्यामुळे पुरावा गोळा करायला बसले तेव्हा वेगळंच काम निघालं. त्या दोघांचे फोटो नकोत, वकीलबाई म्हणाल्या, तुमचे चांगले दिवस शोधा. सासूबाईंच्या ऑपरेशनच्या वेळचे त्याचे मेसेज निघाले. “तू होतीस म्हणून निभावलं.” दोघांच्या नावावरचं गृहकर्ज, लग्नाच्या वाढदिवसाला त्याने लिहिलेलं कार्ड, सगळ्याच्या झेरॉक्स काढून त्यावर क्रमांक टाकले. कार्डाची झेरॉक्स काढताना दुकानातल्या मुलाने विचारलं, “कलर करू का ब्लॅक अँड व्हाइट?” मी म्हटलं, जे स्वस्त असेल ते.

तिच्या बाजूचा पुरावा तिनेच दिला होता. मला थेट पाठवलेले मेसेज माझ्या फोनमध्ये होते. “तुम्ही अजून किती दिवस त्यांना अडवून धरणार?” वकीलबाईंनी या ओळीखाली दोनदा रेघ मारली. नवऱ्याचा फोन उघडायचा नाही, डिटेक्टिव्ह लावायचा नाही, ही त्यांची सक्त ताकीद. स्क्रीनशॉट नुसते छापून चालत नाहीत. १ जुलै २०२४ पासून साक्ष अधिनियम, म्हणजे पुराव्याचा कायदा, नवा आहे. त्याच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र जोडावं लागतं, एक भाग आपण भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू येते, म्हणजे अक्षरं-आकड्यांची एक लांबलचक ओळ. फाइलमध्ये एक स्वल्पविराम बदलला तरी ती ओळ बदलते.

आधी तिला नोटीस पाठवली. “तुमच्या अशिलाचे पती सज्ञान आहेत,” असं उत्तर आलं. मग दिवाणी न्यायालयात दहा लाखांचा दावा दाखल केला. कोर्ट फी रकमेच्या प्रमाणात लागते, म्हणून आकडा रागाच्या भरात टाकू नये. नवऱ्याला प्रतिवादी क्रमांक दोन केलं, दिल्लीच्या दाव्यातही तसंच होतं. याचा त्याला जेवढा राग आला तेवढा बाकी कशाचाच आला नसावा.

समन्स बजावणारा कोर्टाचा बेलिफ “घर बंद” असा शेरा मारून परत येत राहिला. समन्स लागल्यावर तिने दावाच फेटाळावा म्हणून अर्ज दिला. हा विषय फॅमिली कोर्टाचा आहे, असा मुद्दा. कोर्टाने तो नामंजूर केला, खरं-खोटं पुराव्यानंतर ठरेल म्हणाले. त्यानंतर कैफियत, म्हणजे दाव्याला तिचं लेखी उत्तर, आली. मी संशयी, घरात रोज भांडणं, नवरा मानसिक छळाला कंटाळलेला. सही तिची होती, पण तपशील कुणी पुरवले ते वाचताच कळत होतं. आमच्या स्वयंपाकघरातल्या एका भांडणाची त्यात तारीखसुद्धा होती. ज्यांना असा दावा लावायचाय त्यांनी हे कागद वाचायची तयारी ठेवावी. उलटतपासात हेच प्रश्न भर कोर्टात विचारले जातात.

माझी सरतपासणी, म्हणजे माझ्या बाजूने माझी साक्ष, सुरू होण्याआधी त्यांच्या वकिलांनी तडजोडीचं विचारलं. प्रकरण लोकअदालतीत ठेवलं. रक्कम लिहू शकत नाही, अटच आहे तशी, पण मागितल्यापेक्षा बरीच कमी होती. मी त्यावर अडून बसले नाही. कैफियतीतले माझ्याबद्दलचे आरोप ती मागे घेते, हे तडजोडीच्या कागदात आलंच पाहिजे, यावर मात्र बसले. दादाला ते पटलं नाही, तो अजूनही म्हणतो की पैसे सोडले.

लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही, म्हणून सही करण्याआधी प्रत्येक ओळ वाचा. भरलेली कोर्ट फी परत मिळते, पण त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. माझा अजून कोर्टाच्या कार्यालयातच आहे. घटस्फोटाचं प्रकरण फॅमिली कोर्टात स्वतंत्र चालू आहे, त्याच्यावर या निवाड्याने काही फरक पडत नाही.