खरी होती म्हणूनच फुटली

चीर साडेचार इंच होती. ब्रिजच्या, म्हणजे तारा अडकवतात त्या पट्टीच्या, मागून निघून लाकडाच्या रेषेरेषेनं थेट खालच्या काठापर्यंत गेलेली, आणि पोस्टकार्डाची कड आत जाईल एवढी उघडी. शेठनी गिटार काउंटरवर ठेवली आणि बसायच्या आधीच म्हणाले, "मिस्तरी, ही अमेरिकेची नाहीच. असती तर फुटली असती का?"

मे महिन्याचा तिसरा आठवडा, सकाळचे अकरा. त्या दिवसांत जळगावात अकरानंतर जो दुकानाची पायरी चढतो तो अगदीच अडलेला असतो. शेठ अडलेले होते आणि चिडलेलेही. डाळमिल सांभाळण्यात तीस वर्षं गेली, आता कॉलेजातली गिटार पुन्हा हातात घ्यायची म्हणून भाच्याकडून न्यू जर्सीहून मागवलेली. किंमत अडीच लाखांच्या घरात. भाच्याला तिकडच्या दुकानदारानं फसवलं असं त्यांच्या मनानं घेतलं होतं, आणि ते त्यांना माझ्याकडून लेखी हवं होतं. "चायना माल असेल तर तसं लिहून द्या."

देशाचं हे वेड मला नवीन नाही. आम्ही मूळचे पेटीवाले. वडिलांकडे भजनी मंडळं हार्मोनियम घेऊन यायची आणि आतल्या सुराच्या पट्ट्यांबद्दल पहिला प्रश्न असायचा, "रीड जर्मन आहेत का?" जर्मन जुबिलेट, पॅरिस, मग गुजरातचं पालिताणा, अशी उतरंड ठरलेली. वडील मान डोलवायचे आणि रीड घासायला बसायचे. पालिताण्याची रीड नीट लागली की तेच मंडळ "वा, जर्मन सूर!" म्हणत पेटी घेऊन जायचं. त्यांनी कधी कुणाची समजूत काढली नाही. मीही आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत आलोय की देश बघू नका, काम बघा. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे माझ्याच अंगाशी येणार आहे.

टॉर्च आणि दातांच्या डॉक्टरचा असतो तसला छोटा आरसा घेऊन आत बघितलं. गिटार खरी की खोटी हे लेबलवर कधीच ठरवू नये, लेबल छापून मिळतं. (मेड इन यूएसए म्हणजे उल्हासनगर, हा विनोद आपल्याकडे काय उगाच झाला?) साउंडहोलची, म्हणजे पुढच्या गोल भोकाची, कड बघायची. वरची बारीक रेघ कडेवरून तशीच खाली उतरली तर लाकूड अख्खं. प्लायवूड असेल तर क्रीमच्या बिस्किटासारखे थर दिसतात. इथे रेघ सरळ उतरत होती. आतल्या आधारपट्ट्या हातानं तासलेल्या, सांध्यातून सरस कुठेही ओघळलेला नाही. आणि मागची फळी शिसवीची, आपल्याच देशातली. अमेरिकेच्या मार्टिन कंपनीच्या डी-२८ गिटारीला १९६९ पर्यंत ब्राझीलची शिसव असे. तिकडचे ओंडके मिळेनासे झाले तेव्हापासून भारतीय शिसव लागते, आणि इतरही मोठ्या कंपन्या तीच वापरतात. म्हणजे ही फळी इथून अमेरिकेला गेली, गिटार होऊन परत आली, आणि शाबूत राहिली. फुटली ती पुढची फळी, तिकडच्या स्प्रूस लाकडाची.

"शेठ, खरी आहे म्हणूनच फुटली."

त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. पण ते खरंच होतं. असल्या गिटारी बनतात त्या कारखान्यात हवेतली आर्द्रता वर्षभर ४५ ते ५० टक्क्यांवर धरून ठेवतात. माझ्या दुकानातल्या काट्यावर त्या दुपारी १७ होती. अख्खं लाकूड अशा हवेत आडवं आकसतं, पण आडव्या पट्ट्यांना चिकटवलेलं असल्यानं त्याला सरकायला जागा नसते. मग ते फाटतं. प्लायवूडचे थर उलटसुलट रेषेचे असल्यामुळे एकमेकांना धरून ठेवतात. आवाज डबकट येतो, पण फुटत नाही. त्यात शेठची गिटार चोवीस तास एसीच्या खोलीत, स्टँडवर. एसी उरलंसुरलं पाणीही हवेतून ओढून घेतो. पाण्याच्या कूलरसमोर ठेवली असती तर फुगून तारा वर आल्या असत्या, वाजवायला जड गेली असती, पण अशी उभी चिरली नसती.

हे ऐकवत असतानाच नवापूरचा पोरगा आला. सुरत-भुसावळ गाडीनं, पाठीला गिटार, खोळ म्हणून शिवलेलं पोतं. त्यांच्याकडे प्रार्थनेला ती वाजते. काकानं २००४ साली घेतलेली कोलकात्याची गिटार. तार ताणायच्या एका चावीचा दात झिजला होता, तार सुरात टिकत नव्हती. तारा फ्रेटपासून, म्हणजे दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपासून, एवढ्या उंच की खालून पेन्सिल जावी. नेकमधली, म्हणजे दांड्यातली, वाक काढायची सळई शोभेची, किल्ली फिरवली तर नुसतीच फिरते. असला माल बनवणाऱ्यांवर माझा राग आहे. शंभर रुपयांचं काम वाचवतात आणि शिकणाऱ्या पोरांची बोटं सोलून काढतात. पण वीस उन्हाळे पत्र्याच्या घरात काढून पुढची फळी जशीच्या तशी होती.

मी चावी बदलत होतो, तेवढ्यात शेठनी पोराची गिटार मांडीवर घेतली. सी, ए मायनर, एफ असे कॉर्ड. एफ धरताना तोंड वाकडं झालं. मग पोराला म्हणाले, "हिच्यावर तू रोज वाजवतोस?" पोरगा म्हणाला, "रविवारी तीन तास, काका." शेठ गप्प झाले. त्यांच्या डोक्यात काय चाललं असेल ते मी ओळखू शकलो नाही. निघताना पोरगा माझ्याकडे बघत, फुटलेल्या गिटारीला हात न लावता, हळूच म्हणाला, "ही कुठली आहे?" आणि उत्तर शेठनी दिलं. "अमेरिकेची."

देशाला काहीच अर्थ नाही असं मी म्हणत नाही. पूर्वी जपानी म्हणजे नक्कल असा शिक्का होता. त्या नकलांशी झुंजून दमल्यावर १९८२ मध्ये अमेरिकेच्या फेंडर कंपनीनं जपानमध्येच कंपनी उभी केली, आणि आज त्या सुरुवातीच्या जपानी गिटारी लोक शोधत फिरतात. त्याच फेंडरचा एक कारखाना कॅलिफोर्नियात कोरोनाला आणि दुसरा मेक्सिकोत एन्सेनादाला. मध्ये साधारण जळगाव-सुरत एवढं अंतर आणि एक सरहद्द. सरहद्दीपलीकडची गिटार जवळपास निम्म्या भावात मिळते. फरक मजुरीत आहे, फ्रेट घासायला कारागिराला किती मिनिटं देतात त्यात आहे, आणि विकायला काढाल तेव्हाच्या भावात आहे. पण मोबाइलवर खोकी उघडून दाखवणारे यातलं काही सांगत नाहीत. नवी गिटार कॅमेऱ्यासमोर सगळीच छान वाजते. तिचा मे महिना कुणी दाखवत नाही.

दुरुस्तीला चौदा दिवस लागले. अशी चीर उघडी असताना भरायची नसते. आधी लाकडाला पाणी प्यायला द्यायचं. साबणाच्या डब्यांना भोकं पाडली, ओले स्पंज भरले, एक गिटारीच्या पोटात आणि एक नेकपाशी, केस बंद, वरून कचऱ्याची काळी पिशवी. काटा आत. रोज चार-पाच टक्के, घाई नाही. सातव्या दिवशी चीर आपसूक मिटली, नखाला लागेना. बाहेर आलेली फ्रेटची टोकंही आत गेली. मग वडिलांच्याच भांड्यात सरस पातळ केला. वरून बोटानं चिरेवर चोळायचा, आतून दुसऱ्या बोटानं फळी हलकेच दाबायची आणि सोडायची. सरस स्वतः खेचला जातो, ते बघायला मला आजही आवडतं. आतून चिरेवर आडवे, स्प्रूसचे चार चिमुकले तुकडे, कडा तासून, बाहेर-आत लोहचुंबक लावून दाबलेले. माझा हात साउंडहोलमध्ये मनगटाच्या वर अडकतो. तुकडे बायकोनं लावले, मी आरशात बघून "डावीकडे, अजून थोडं" म्हणत होतो.

आता ते सांगतो, ज्यासाठी लिहायला बसलो.

ही गिटार फेब्रुवारीत माझ्याकडे येऊन गेली होती. तारा बदलून त्यांची उंची, म्हणजे अ‍ॅक्शन, थोडी खाली बसवून द्या, एवढंच काम. इथली कुठलीही गिटार आली की मी उन्हाळा धरून तारा टेकतात ती हाडाची सॅडल अर्धा मिलिमीटर उंच ठेवतो, कारण एप्रिलपासून फळी खचते आणि तारा फ्रेटला लागून खरखरतात. एसीत ठेवू नका, केसमध्ये ओला स्पंज ठेवा, हेही दोनदा बजावतो. नवापूरच्या पोरालासुद्धा बजावलं असतं. पण ही गिटार उघडली आणि मी दबलो. कंपनीचा तक्ता काढला, जाड तार २.४ मिलिमीटर उंच, बारीक १.६, आणि हाड बरोबर तेवढं घासलं. जळगाव धरलंच नाही. एवढी मोठी कंपनी, त्यांनी सगळा विचार केलेला असणार, आपण काय शिकवायचं, असं काहीतरी डोक्यात होतं. हाड एकदा घासलं की परत येत नाही. आता नवीन करावं लागलं.

शेठ मृगाच्या पहिल्या सरींनंतर गिटार न्यायला आले. चिरेची केसाएवढी रेघ तिरप्या उजेडात दिसते, ती मी दाखवली. तीनशे रुपयांचा काटा केसमध्ये लावून दिला, एसीचं सांगितलं. दुरुस्तीचे पैसे घेतले नाहीत. का घेत नाही ते त्यांनी विचारलं. "पहिलीच एवढी मोठी चीर, मलाही शिकायला मिळालं," असं काहीतरी बोललो.

संध्याकाळी पावतीपुस्तक चाळून फेब्रुवारीचं पान काढलं. तारा, अ‍ॅक्शन, पॉलिश, १,२०० रुपये. आणि खाली कोपऱ्यात, कुणी विचारलं नसताना, माझ्याच अक्षरात: मेड इन यूएसए.