म्हापशाची, त्यात मेटलर्जीवाली

पंगतीत शेजारी बसलेल्या बाई विचारतात, माहेर कुठलं? म्हापसा. शिक्षण? मेटलर्जी, म्हणजे धातुशास्त्र. मग पुढचा प्रश्न ठरलेला: "म्हणजे पर्रीकरांच्या गावच्या, आणि विषयही तोच! मग सांगा, इंजिनियर होते म्हणून ते वेगळे होते का हो?" कोल्हापुरात येऊन चोवीस वर्षं झाली, पण या प्रश्नातून सुटका नाही. परवा एका साखरपुड्यात एका निवृत्त मास्तरांनी विचारलं आणि मी सवयीनं "हो ना" म्हणून जिलेबी वाढून घेतली. घरी येताना मात्र चुटपुट लागली. तर सर, हाच प्रश्न तुम्ही विचारलात म्हणून हे लिहिते.

आधी एक सांगते, गोव्याचे मुख्यमंत्री राहिलेल्या मनोहर पर्रीकरांची आणि माझी ओळख नव्हती. म्हापशात त्यांना सगळ्यांनीच पाहिलेलं, सगळेच 'भाई' म्हणायचे, तेवढंच. अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि पायात चपला हे कौतुक तुम्ही खूप वाचलं असेल. मला त्याचं फार अप्रूप नाही. गोव्यातल्या उकाड्यात शहाणा माणूस दुसरं काय घालणार?

इंजिनियर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पूल आणि धरणं येतात. मेटलर्जीवाला काही बांधत नाही. तो तुटलेला तुकडा हातात घेतो आणि का तुटला ते बघतो. तुटलेल्या तोंडावर खुणा असतात. एका झटक्यात गेलं की वर्षानुवर्षं थोडं थोडं थकत गेलं, ते त्या सांगतात. मी या नादाला लागले ते ५ जुलै १९८६मुळे. त्या दिवशी मांडवीवरचा पूल कोसळला. जेमतेम सोळा वर्षांचा पूल! आतल्या पोलादी तारा गंजल्या होत्या, वरून काँक्रीट धडधाकट. त्यानंतर कित्येक वर्षं पणजीला जायचं तर बेतीहून फेरीबोट, आणि पावसाळ्यात त्या फेरीबोटीवर अंगाला अंग घासत उभं राहून मी एकच विचार करायचे, आत गंज चढत होता तेव्हा कुणालाच कसा दिसला नाही?

पर्रीकर मराठीतून शिकले, १९७८मध्ये मुंबई आयआयटीतून मेटलर्जी करून बाहेर पडले आणि गावी परतले. छोटा कारखाना, संघाचं काम. सव्विसाव्या वर्षी म्हापशाचे संघचालक. १९९१मध्ये लोकसभेला पडले, १९९४मध्ये पणजीतून आमदार झाले. तेव्हा विधानसभेत भाजपचे चारच जण होते. माझं मत विचाराल तर त्यांच्यातला मेटलर्जीवाला सगळ्यात स्वच्छ दिसला तो विरोधी बाकावर. दुसऱ्याचा अर्थसंकल्प हातात घ्यायचा, भिंगाखाली धरायचा आणि तडा कुठून सुरू झालाय ते बोट ठेवून दाखवायचं. सरकारी खर्च तपासणाऱ्या लोकलेखा समितीचे अध्यक्ष म्हणून २०११मध्ये बेकायदा खाणींवर त्यांनी अहवाल दिला, तो याच जातीचा.

सत्तेत आल्यावर इंजिनियर दिसला तो जिथे मुदत होती आणि मोजमाप होतं तिथे. ऑक्टोबर २०००मध्ये ते मुख्यमंत्री झाले. २००४मध्ये इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, गोव्यात आणायचं ठरल्यावर पणजीच्या जुन्या मेडिकल कॉलेजच्या आवारात काही महिन्यांत मल्टिप्लेक्स उभं राहिलं. आमच्या फाउंड्रीत रात्रीची हीट, म्हणजे धातू वितळवायची खेप, सुरू असताना मालक स्वतः भट्टीजवळ उभा राहिला की जे होतं, तेच. कामाला उरक येतो. पण त्या रात्री सुपरवायझर काही शिकत नाही, हेही तितकंच खरं. यावर पुढे येते.

२०१२मध्ये भाजपला चाळीसपैकी २१ जागा मिळाल्या, भाई पुन्हा मुख्यमंत्री झाले आणि पेट्रोलवरचा व्हॅट जवळपास शून्यावर आणला. लिटरमागे अकरा रुपये कमी! आम्ही आंबोलीमार्गे माहेरी जाताना पत्रादेवीचा नाका ओलांडेपर्यंत टाकी कोरडी ठेवायचो. एकदा बांद्याला गाडी आचके देऊ लागली तेव्हा नवऱ्यानं माझ्या गोव्याचा उद्धार केला. पुढे तो कर हळूहळू पुन्हा चढला.

आता जिथे इंजिनियर कामाला आला नाही त्या गोष्टी. मांडवीतल्या कॅसिनोंवर विरोधात असताना ते तुटून पडायचे. सत्ता आली, बोटी तिथेच राहिल्या. इंग्रजी प्राथमिक शाळांच्या अनुदानाविरुद्ध २०११मध्ये मातृभाषेतल्या शिक्षणासाठी लढणाऱ्या भाषा सुरक्षा मंचाबरोबर उभे राहिले आणि मुख्यमंत्री झाल्यावर तेच अनुदान चालू ठेवलं. सुभाष वेलिंगकरांसारखा जुना सहकारी त्यावरून तुटला. ऑगस्ट २०१६मध्ये त्यांना संघाच्या पदावरून काढलं, तेव्हा भाई दिल्लीत संरक्षणमंत्री होते. मराठी शाळेत शिकलेल्या माझ्यासारखीला ही गोष्ट आजही लागते. पण त्यातल्या बऱ्याच शाळा चर्चच्या, आणि ख्रिस्ती मतांशिवाय ते २१ झाले नसते, हेही मला कळतं. आणि २०१७? काँग्रेस १७, भाजप १३, आणि दिल्लीहून येऊन मुख्यमंत्री भाई. ती बेरीज आयआयटीत शिकवत नाहीत. ते निव्वळ राजकारण होतं आणि त्यात ते भल्याभल्यांना भारी होते.

म्हणून सर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: इंजिनियर होते म्हणून वेगळे होते, पण अर्धेच.

आणि एका बाबतीत तर इंजिनियर असून चुकले असं मला वाटतं. पर्रा गावच्या कलिंगडांची गोष्ट ते भाषणात सांगायचे. गावातला एक शेतकरी हंगामाच्या शेवटी पोरांना बोलावून हवी तितकी कलिंगडं खाऊ घालायचा, अट एकच, बी चावायची नाही, भांड्यात टाकायची. पोरांना तो सगळ्यात मोठी, सगळ्यात गोड कलिंगडं द्यायचा, कारण पुढच्या वर्षीचं बियाणं त्यातून निघायचं. मुलाच्या हाती शेती आली, त्यानं मोठी कलिंगडं बाजारात विकली आणि पोरांना लहान दिली. काही वर्षांत फळ लहान होत गेलं, मग संपलंच.

ही गोष्ट सांगणाऱ्या माणसानं स्वतःचं बियाणं मात्र राखलं नाही. प्रत्येक फाईल स्वतः बघायची, प्रत्येक आकडा तोंडपाठ. २०१४मध्ये ते दिल्लीला गेले आणि अडीच वर्षांत सरकार वाचवायला त्यांनाच परत आणावं लागलं. फेब्रुवारी २०१८मध्ये स्वादुपिंडाचा आजार समोर आला. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं. राज्यापुढे एवढा पेच, आणि मुख्यमंत्री कधी अमेरिकेत, कधी एम्समध्ये. सगळं यंत्र एका बोल्टवर तोलायचं नाही, हे आम्हाला डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी शिकवलं होतं.

२७ जानेवारी २०१९ला मांडवीवरच्या तिसऱ्या पुलाचं, अटल सेतूचं उद्घाटन झालं. नाकात नळी घालून भाई व्यासपीठावर होते. तीनच दिवसांनी तशाच नळीनं त्यांनी अर्थसंकल्प मांडला. माझी आई टीव्हीसमोर रडत होती. मला रडू आलं नाही, राग आला. कुणाचा ते नीट सांगता येणार नाही. १७ मार्चला ते गेले, १८ला मिरामारला अंत्यसंस्कार झाले आणि त्याच रात्री दोनच्या सुमारास नव्या मुख्यमंत्र्यांचा शपथविधी. आईनं तोही पाहिला. सकाळी फोनवर मला म्हणाली, "अगो, उजाडेपर्यंत तरी थांबायचं होतं."