तुम्ही विचारलंत म्हणून: एसट्रेस का लावत नाही?

"एसट्रेस लावून बघा की, दोन मिनिटांचं काम." फाइल कोण उघडतंय, कोण बदलतंय हे शोधायला गेलो की हे हमखास ऐकावं लागतं. शिरोलीत, उद्यमनगरात, परवा तर भाचीच्या साखरपुड्यातसुद्धा. एसट्रेस म्हणजे चालू प्रोग्रॅम (प्रोसेस) कर्नलकडे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडे, ज्या मागण्या (सिस्टिम कॉल) करतो त्या एकेक टिपणारा प्रोग्रॅम. चालू सर्व्हरवर मी तो लावत नाही. का, ते एकदा लिहूनच टाकतो.

2018 साल. शिरोली एमआयडीसीतली एक फाउंड्री. वजनकाट्याच्या प्रोग्रॅमची दरांची फाइल रोज दुपारी आपोआप बदलत होती. ऐन डिस्पॅचच्या वेळी मी चालू प्रोसेसला एसट्रेस जोडला. फक्त फाइलींचे कॉल मागितले होते, म्हणजे भार पडणार नाही, अशी माझी ठाम समजूत. पावती निम्मी छापून प्रिंटर थांबला. काट्यावर कास्टिंगने भरलेला ट्रक, मागे आणखी चार. काटा बघणारे मामा आत आले. "काय करालाय सायेब? गाड्या थांबल्यात की!"

"मामा, दोनच मिनिटं."

ती दोन मिनिटं मी वीस मिनिटं ताणली, कारण चोर सापडला नव्हता. बाहेर एक ड्रायव्हर मामांना सगळ्यांदेखत नको ते बोलला. मामांनी खाली मान घालून ऐकून घेतलं, माझ्याकडे बोटसुद्धा दाखवलं नाही. ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

एसट्रेस पीट्रेसवर चालतो; एका प्रोसेसने दुसरीला थांबवून तपासायची ती कर्नलची सोय. प्रत्येक सिस्टिम कॉलला प्रोसेस कर्नलमध्ये जाताना एकदा थांबते, परतताना एकदा, आणि दोन्ही वेळा एसट्रेसला जागं व्हावं लागतं. माझी चाळणी फक्त छपाईला होती, थांबे सगळ्याच कॉलना. एसट्रेसच्या 2019 च्या 5.3 आवृत्तीत सेककॉम्प-बीपीएफचा, म्हणजे कर्नलमध्येच कॉल गाळायचा, पर्याय आला, त्यात नको असलेले कॉल न थांबता जातात. पण आधीच चालू असलेल्या प्रोसेसला जोडताना तो चालत नाही. त्या दिवशी असता तरी मामा वाचले नसते.

पुढच्या आठवड्यात ईबीपीएफने बघितलं, म्हणजे कर्नलच्या आतच आपला छोटा प्रोग्रॅम चालवून. कर्नलमध्येच गाळायचं, एकाच प्रोसेसने तीच फाइल हजारदा उघडली तरी नोंद एकच, उरलेलं बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यात. प्रोसेस कुणासाठी थांबत नाही. दुपारी बाराला क्रॉनमधली (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या यादीतली) एक स्क्रिप्ट जुनी प्रत परत आणून टाकत होती.

पण 2018 मधला मी अजून भांडतो: बफर भरला की नोंदी गळतात, त्याचं काय? बरोबर आहे त्याचं. एसट्रेस थांबवतो, म्हणून तर त्याच्या हातून असं निसटत नाही. ईबीपीएफ लावलं त्या दिवशीही गळालेल्या नोंदींचा आकडा स्क्रीनवर होता. क्रॉनमधली ओळ काढली, फाइल बदलायची थांबली. मामांनी विचारलं, "आनि कोन न्हवतं न्हवं?" मला छातीठोकपणे नाही म्हणता आलं नाही.