मनोरीची वाडी, मे महिन्याचा वारा आणि नऊ बास्केट

मालाड स्टेशनबाहेर मार्वेची बेस्ट पकडायची, शेवटच्या स्टॉपला उतरायचं आणि स्कूटर, भाजीच्या गोण्या, बर्फाच्या पेट्या यांच्यातून वाट काढत फेरीबोटीत उभं राहायचं. काही मिनिटांत खाडी ओलांडून बोट मनोरीला लागते. महापालिकेच्या हद्दीतच राहून मुंबई मागे टाकायला एवढा प्रवास पुरतो. या वेळी आमच्या सामानात डिस्क गोल्फच्या घडीच्या बास्केट होत्या, त्यांच्या साखळ्या बोटीच्या प्रत्येक हेलकाव्याला खणखणत होत्या. शेजारच्या मावशींनी शेवटी विचारलंच, "काय गो, कसल्या साकल्या या?" मी म्हटलं, "खेळायच्या आहेत, मावशी." त्यांनी दादाकडे, वहिनीकडे, मग परत साखळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "खेला, पन वारा लय हाय आज."

दादा म्हणजे माझा आतेभाऊ. तो पूर्वी समुद्रकिनाऱ्यावर अल्टिमेट, म्हणजे फ्रिस्बीचा सांघिक खेळ, खेळायचा, तिथून डिस्क गोल्फकडे वळला आणि मग घरातल्या सगळ्यांना त्याने ओढलं. मनोरीला त्याच्या एका मित्राच्या काकांची वाडी आहे. माड, चिकू, आंबा, दोन-चार ताड, मधोमध जुनी विहीर आणि समुद्राकडच्या हद्दीला सुरूच्या रांगा. काकांनी एका अटीवर खेळायला परवानगी दिली, की एकही फांदी मोडायची नाही. या खेळाचा नियमही जवळजवळ तेच सांगतो, त्याबद्दल पुढे येतेच.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गोल्फसारखाच खेळ, पण काठी आणि चेंडूच्या जागी डिस्क, म्हणजे फ्रिस्बीसारखी तबकडी. टीवरून, म्हणजे होलच्या सुरुवातीच्या जागेवरून फेकायची, ती जिथे थांबेल तिथून पुढची फेक, आणि साखळ्यांना लागून बास्केटमध्ये पडली की ते होल संपलं. ज्याच्या फेकी सगळ्यात कमी, तो जिंकला. कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये १९७५ साली या खेळाचा पहिला कायमचा कोर्स झाला. तो आखणारे एड हेड्रिक मूळचे फ्रिस्बी बनवणाऱ्या कंपनीतले. सुरुवातीला लक्ष्य म्हणून नुसते खांब असायचे आणि डिस्क खांबाला लागली की नाही यावर वाद व्हायचे. साखळ्यांच्या बास्केटने तो प्रश्न सोडवला. तिचं पेटंट हेड्रिक यांना १९७७ साली मिळालं. गोल्फची डिस्क बागेत खेळायच्या फ्रिस्बीपेक्षा लहान असते, साधारण २१ सेंटीमीटर व्यासाची. लांबच्या फेकीचा ड्रायव्हर पातळ, धारदार काठाचा, बास्केटजवळचा पटर बोथट आणि खोलगट, आणि मिडरेंज या दोघांच्या मधला.

वाडीत पोहोचलो तेव्हा सकाळचे नऊ वाजत आले होते. कुंपणाला लागून बांबूच्या मांडवावर बोंबील वाळत घातलेले. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवतात आणि ती जोडी दोरीवर टाकतात, त्यामुळे दोरीच्या दोन्ही बाजूंना शेपट्या लोंबत राहतात. मासेमारीची बंदी १ जूनला सुरू होणार, म्हणजे मोसमातला हा शेवटचा वाळवणाचा माल. आम्ही गेलो तेव्हा सगळ्या शेपट्या सरळ खाली होत्या. अकराच्या सुमाराला त्या पूर्वेकडे तिरक्या झाल्या. जेवून बाहेर आलो तोवर अख्खी दोरीच झोके घेत होती. शाळेत खाऱ्या वाऱ्यांचा धडा सगळ्यांनीच वाचलेला असतो: जमीन तापते, तिच्यावरची हवा वर चढते, तिची जागा घ्यायला समुद्रावरची थंड हवा आत येते. तोच धडा त्या दिवशी आमच्यासमोर दोरीवर टांगला होता, आणि पुढच्या प्रत्येक होलला मी आधी तिकडे बघून मग पिशवीतून डिस्क काढत होते.

पण झाडांत शिरल्यावर तेवढ्या माहितीवर भागत नाही. वाडीत वारा एकसारखा नसतोच. माडांच्या झावळ्या वर सळसळत असतात आणि खाली खांद्याच्या उंचीवर चिकूचं पानही हलत नाही. मग चिकूची रांग संपते, विहिरीभोवतीचं मोकळं आवार येतं, आणि तिथे वारा बाजूने घुसतो. म्हणजे एकाच फेकीत डिस्कला तीन वेगवेगळ्या हवांतून जावं लागतं. मोकळ्या मैदानावर वारा कितीही असला तरी तो एकच असतो, त्याचा हिशोब एकदा केला की झालं. मला झाडांतला कोर्स जास्त आवडतो तो याचसाठी. तिथे प्रत्येक फेकीआधी उभं राहून बघावं लागतं: कुठली फट, कुठल्या उंचीवर, आणि त्या फटीच्या पलीकडे हवा काय करतेय.

तिसरं होल याचा उत्तम नमुना. सुरूच्या दोन रांगांमधून पश्चिमेकडे जाणारी सरळ बोळ, लांबी सत्तर मीटरच्या आसपास, रुंदी दोन माणसं हात पसरून उभी राहतील एवढी. सुरू इथे मुळात वारा अडवायला आणि वाळू धरून ठेवायलाच लावतात, पण रांगेच्या दिशेनेच वारा आला की ती रांगच त्याला वाट करून देते. म्हणजे टीवर उभं राहिलं की वारा थेट तोंडावर. खाली सुरूच्या सुयांसारख्या पानांचा तपकिरी थर आणि त्यात बारीक काटेरी फळं. या थरावर पाय सरकतो, म्हणून धावत येऊन फेकायचा मोह टाळायचा आणि दोन्ही पाय रोवून फेकायचं.

उजव्या हाताने बॅकहँड, म्हणजे हात छातीसमोरून बाहेर नेत, फेकलेली डिस्क वरून पाहिली तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते आणि वेग उतरला की डावीकडे झुकते. समोरून वारा असेल तर डिस्कवरून वाहणाऱ्या हवेचा वेग वाढतो, आणि आपण प्रत्यक्षात फेकली त्याहून जोरात फेकल्यासारखी ती वागते: वर उचलली जाते आणि उजवीकडे वळायला बघते. पुढची कड जरा जरी वर राहिली तरी वारा खालून शिरतो आणि डिस्क उभी होऊन मागे येते. म्हणून समोरच्या वाऱ्यात ओव्हरस्टेबल डिस्क घ्यायची, म्हणजे जी मुळातच हट्टाने डावीकडे जाते अशी. कड किंचित खाली ठेवायची आणि जोर कमी लावायचा. जोर कमी लावणं सगळ्यात अवघड. वारा समोर आला की हात आपोआप जास्त ताकद लावतो, आणि जास्त ताकदीने डिस्क जास्तच भरकटते.

वहिनीने तिथे फेकलेली डिस्क मी बराच काळ विसरणार नाही. तिने ड्रायव्हर पिशवीतच ठेवला आणि जाड काठाची मिडरेंज घेतली. गुडघ्याच्या जरा वर, सपाट, शांत फेक. डिस्क बोळीच्या मध्यापर्यंत जमिनीपासून हातभर अंतर ठेवून गेली, वाऱ्याने थोडी उचलली, उजवीकडच्या खोडाकडे झुकली, आणि आता लागणार असं वाटत असतानाच परत डावीकडे आली. पानांच्या थरावर टेकली आणि घसरत घसरत बास्केटच्या अलीकडे थांबली. दादा ओरडला, "अगं, काय फेकलंस!" ती म्हणाली, "काही नाही रे, वाऱ्याशी भांडले नाही." दोन फेकींत तिचं होल संपलं. दादाची डिस्क डावीकडच्या तिसऱ्या सुरूला धडकून आमच्याच पायाशी आली होती.

चौथं आणि सहावं होल सरळ होतं, त्यावर फार लिहिण्यासारखं नाही. पाचवं मात्र विहिरीच्या आवारातून जातं. चिकूच्या फांद्यांखालून निघायचं, मोकळं आवार पार करायचं, आणि पलीकडे आंब्याच्या बुंध्यामागे बास्केट. वारा डावीकडून उजवीकडे. सुरक्षेसाठी विहिरीवर काकांनी जाळी टाकून ठेवली होती, आणि विहिरीचा कठडा आम्ही आउट ऑफ बाउंड्स धरला होता, म्हणजे त्यात गेली की एका फेकीचा दंड. बॅकहँडने डावी कड खाली ठेवून फेकली तर डावीकडून येणारा वारा डिस्कच्या वरच्या अंगावर बसतो आणि तिला खाली दाबतो. आवार पार होण्याआधीच ती पडते. तिथे फोरहँडचा, म्हणजे हात अंगाच्या बाजूने पुढे आणून केलेल्या फेकीचा, उपयोग झाला. फोरहँडची फिरकी उलटी, शेवटचा झुकाव उजवीकडे. उजवी कड खाली, म्हणजे डावीकडून येणारा वारा डिस्कच्या खालून लागतो आणि तिला धरून पुढे नेतो. माझी डिस्क आवारावरून तरंगत जाऊन आंब्याच्या पलीकडे उतरली. तेव्हा वाटलेला आनंद मी लपवला नाही, आणि का लपवावा?

सातव्या होलला एका ताडाच्या डाव्या बाजूनेच डिस्क जायला हवी असा नियम आम्ही ठेवला होता. याला मँडेटरी म्हणतात, खेळणारे नुसतं मँडो म्हणतात. उंच फेकीचा मार्ग बंद होतो आणि सगळा खेळ खाली, झाडांच्या बुंध्यांमध्ये येतो. इथे दादाची डिस्क वाऱ्याने उचलून थेट बाजूच्या माडाच्या झावळ्यांत नेऊन ठेवली. नियमाप्रमाणे अडकलेल्या डिस्कच्या बरोबर खालच्या जागेवरून पुढची फेक घेता येते, आणि स्पर्धेत वेगळं जाहीर केलेलं नसेल तर दंडही नाही. दादाने तशी ती घेतली. नारळ उतरवायला येणाऱ्या माणसाने संध्याकाळी डिस्क खाली टाकली, सोबत दोन शहाळीही.

आता काकांच्या अटीबद्दल. डिस्क गोल्फमध्ये आपली डिस्क झुडपात गेली की फेकायला उभं राहताना फांद्या, झुडपं कमीत कमी हलतील अशीच जागा घ्यावी लागते. आडवी आलेली फांदी वाकवून, मोडून वाट करायची नाही. झाडाने वाट अडवली असेल तर गुडघ्यावर बसा, डाव्या हाताने फेका, मागे फेकून परत या, पण झाड आहे तसं राहू द्या. मला या खेळाबद्दल एवढी आपुलकी वाटते त्याचं मोठं कारण हेच. आपल्या शहरात खेळायला जागा हवी म्हटलं की पहिली मागणी सपाटीकरणाची येते. इथे उलट आहे. झाड तोडलं तर होल सोपं होतं, म्हणजे बिघडतं. जी वाडी बिल्डरच्या नकाशात नुसती मोकळी जमीन म्हणून दिसेल, तिच्यातला प्रत्येक ताड आणि प्रत्येक चिकू या खेळाला हवा असतो. कुंपण घातलेल्या जागांमध्ये, परवानगी घेऊन, माणसांची वर्दळ नसताना असे छोटे कोर्स मुंबईत व्हावेत असं मला मनापासून वाटतं. संस्थांची आवारं आहेत, उपनगरांत जुन्या वाड्या अजून उरल्या आहेत, आणि घडीच्या बास्केट संध्याकाळी उचलल्या की जमिनीवर खूणही राहत नाही.

वाऱ्यात पटिंगची, म्हणजे बास्केटजवळच्या फेकींची, गोष्ट वेगळीच. बास्केटपासून दहा मीटरच्या आत असलात तर डिस्क सोडल्यावर तोल सांभाळून जागेवर उभं राहावं लागतं, पुढे झेप घेऊन चालत नाही. वारा अंगावर असताना हा नियम जाणवतो. पाय जरा फाकवून, गुडघे वाकवून उभं राहायचं. हळूच, तरंगत टाकायचा पट अशा हवेत कामाचा नाही, कारण वाऱ्याला खेळायला वेळ मिळतो. सरळ, ठाम, साखळीच्या मध्यावर. झुळूक ओसरायची वाट बघता येते, पण अमर्याद नाही: आपली पाळी आली, मार्ग मोकळा झाला की तीस सेकंदांत फेकायची असते. आमच्यात दादा मनातल्या मनात मोजतो आणि पंचविसाला खाकरतो.

नवव्या होलला वारा पाठीवर आला. पाठीवरचा वारा मदत करतो असं वाटतं, पण डिस्कची उचल कमी होते, ती अपेक्षेआधी खाली बसते आणि डावीकडेही लवकर वळते. म्हणून इथे जरा उंच, आणि हलकी, सहज उजवीकडे वळणारी डिस्क. वहिनीने तेच केलं आणि एका फेकीच्या फरकाने ती जिंकली. मी दुसरी.

कुणाला असं काही करून बघायचं असेल तर आमच्या अनुभवातून एवढंच सांगते. सुरुवातीला ड्रायव्हर घरीच ठेवा, एक पटर आणि एक मिडरेंज पुरे. डिस्क गडद केशरी किंवा गुलाबी घ्या, सुरूच्या पानांत तपकिरी आणि हिरवी दोन्ही हरवतात. हरवलेली डिस्क शोधायला नियमाने तीन मिनिटं मिळतात आणि वाडीत ती पटकन संपतात. बूट खोल नक्षीच्या तळव्याचे घ्या. आणि वारा नको असेल तर सकाळी लवकर जा. आम्ही मुद्दाम दुपारपर्यंत खेळत राहिलो होतो.

पावसाळ्यात वाडीत खेळता येत नाही, विहिरीकडची वाट पूर्ण चिखल होते. दिवाळीनंतर पहाटे जमिनीकडून मतलई वारे सुटतात, तेव्हा तिसऱ्या होलला वारा पाठीवर असेल. काकांना आत्ताच विचारून ठेवलंय. ते म्हणाले, या, पण आंब्याला तोवर मोहोराची तयारी असेल, तेवढी पाचव्याची बास्केट चार पावलं लांब लावा.