रेल्टन रोडचा कवी

लंडनच्या भुयारी रेल्वेतल्या व्हिक्टोरिया लाइनचं दक्षिणेकडचं शेवटचं स्टेशन म्हणजे ब्रिक्स्टन. बाहेर पडलं की समोरच गायक डेव्हिड बोवीचं भिंतभर चित्र, आणि त्यापुढे फोटो काढणाऱ्यांची गर्दी. बोवीचा जन्म इथलाच, त्यामुळे ते रास्तच. मी मात्र आले होते दुसऱ्याच माणसामागे. जमैकात जन्मलेला कवी लिंटन क्वेसी जॉन्सन. त्याच्या कवितांत रस्त्यांची, तुरुंगाची खरी नावं येतात, कधी पूर्ण पत्त्यासकट, आणि त्यातली बरीच ठिकाणं या स्टेशनापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. लंडनला भाचीकडे उतरले होते. राजवाडे आणि संग्रहालयं तिने रीतसर दाखवली, पण ब्रिक्स्टनचं नाव काढल्यावर म्हणाली, "मावशी, तिथे तू काय बघणार? आम्ही तिकडे फक्त जेवायला जातो." शेवटी तीही आलीच बरोबर.

जेवायला का जातात ते इलेक्ट्रिक अव्हेन्यूत शिरल्याबरोबर कळतं. १८८०च्या दशकात विजेचे दिवे लागलेला लंडनमधला हा पहिला बाजाररस्ता. आता तिथे राजेळीहून लांबलचक केळी, लाकडाच्या ओंडक्यांसारखे यामचे कंद, खारवलेला मासा आणि स्कॉच बॉनेट नावाच्या त्या फुगीर, जहाल मिरच्या. आम्ही एकेक जमैकन पॅटी घेतली. आतलं सारण खाताना हळदीची ओळख पटली. १८४५पासून हिंदुस्थानातून गिरमिटिया मजूर जमैकाला नेले गेले, त्यांच्या मसाल्यांनी तिथल्या स्वयंपाकात कायमचं घर केलं.

जॉन्सनचा जन्म १९५२चा, जमैकातल्या क्लॅरेंडन परगण्यात, चॅपलटन गावी. आई आधी लंडनला गेली आणि हा आजीजवळ राहिला. आजीला वाचता येत नसे, म्हणून नातू तिला बायबल वाचून दाखवी. स्तोत्रं आणि नीतिसूत्रं. त्याबदल्यात आजीकडून भुताखेतांच्या गोष्टी, कोडी, म्हणी. त्याच्या कवितेचं घडणं मला इथेच सापडतं. पुढची सगळी पुस्तकं आणि चळवळ त्यावर चढलेली आहे. १९६३च्या नोव्हेंबरात, अकरा वर्षांचा असताना, तो आईकडे ब्रिक्स्टनला आला आणि टल्स हिलच्या शाळेत जाऊ लागला. ती शाळा आता राहिलेली नाही.

शाळेत असतानाच तो काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्रिटिश ब्लॅक पँथर चळवळीच्या तरुण शाखेत गेला. पँथरांचं छोटंसं ग्रंथालय होतं. तिथे त्याच्या हाती अमेरिकन विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांचं पुस्तक पडलं आणि काळ्या माणसांनी पुस्तकं लिहिली आहेत हे त्याला पहिल्यांदा समजलं. शाळेने ते कधी सांगितलं नव्हतं. मग त्याने पँथरांमध्येच कवितेची कार्यशाळा सुरू केली आणि ढोल वाजवणाऱ्या एका गटाबरोबर कविता म्हणू लागला.

याच बाजाराजवळ १९७२ साली पोलीस एका काळ्या पोराला पकडत होते. पँथरांचा शिरस्ता असा, की अशा वेळी पोलिसांचे बिल्ला नंबर आणि पकडलेल्याचं नाव टिपून घ्यायचं. जॉन्सन ते टिपायला गेला, तर त्यालाच उचलून गाडीत टाकलं, मारलं आणि वर पोलिसांवर हल्ला केल्याचा आरोप लावला. कोर्टात तो निर्दोष सुटला.

१९७२! त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईत दलित पँथर उभी राहिली, अमेरिकन ब्लॅक पँथरांवरून नाव घेऊन. त्याच वर्षी नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला. कामाठीपुरा आणि ब्रिक्स्टन यांना एकमेकांची खबर नसावी, पण दोन्हीकडचे विशीतले कवी एकाच वेळी प्रमाणभाषेच्या दिवाणखान्यात बसायला नकार देत होते. ढसाळांची भाषा जास्त बेभान. जॉन्सन मोजून बोलतो, राग आवळून धरतो. मला व्यक्तिशः ढसाळ जवळचे, पण मोठ्याने म्हणायला जॉन्सन.

बाजार मागे टाकून अटलांटिक रोडवरून रेल्टन रोडला लागलो. सत्तरच्या दशकात या रस्त्याला सगळे 'फ्रंटलाइन' म्हणत. आता दोन्ही बाजूंना नीटस रंगवलेली घरं, दारात सायकली, आणि भाडं ऐकून भाचीने नुसतेच डोळे फिरवले. १६५ नंबरचं घर शेक्सपिअर रोडच्या कोपऱ्यावर आहे. भिंतीवर निळी पाटी आहे सी. एल. आर. जेम्स यांची. क्रिकेटवेड्या मराठी वाचकाला हे नाव माहीत असायला हवं. क्रिकेट आणि वसाहतवाद यांची सांगड घालणारं 'बियाँड अ बाउंडरी' हे १९६३चं पुस्तक त्यांचं. त्रिनिदादचा हा म्हातारा विचारवंत अखेरीस इथेच वरच्या मजल्यावर राहिला आणि १९८९ला इथेच गेला.

खाली 'रेस टुडे' या मासिकाचं कार्यालय होतं. डार्कस हाऊ संपादक, जॉन्सनकडे कवितेचं काम. त्याचा पहिला संग्रहही १९७४मध्ये 'रेस टुडे'नेच काढला. आणि या मंडळींत आपल्या पुण्याचा एक माणूस होता. फारुख धोंडी, १९४४चा पुण्यातला पारशी, केंब्रिजला शिकायला गेला आणि पँथरांत सामील झाला. माला सेनही इथेच होत्या, त्याही काही काळ मुंबईत शिकलेल्या. त्या काळच्या ब्रिटनमध्ये 'ब्लॅक' या छत्राखाली आशियाई माणसंही उभी राहत. भाची तिथे काही वर्षं राहते, पण हे तिला नवं होतं. ती जरा वेळ पाटीकडे बघत राहिली, मग म्हणाली, "आमच्या ऑफिसात यातलं कुणी सांगितलंच नाही." कोण सांगणार?

जॉन्सनला गायक म्हणणारे लोक भेटतात, त्यांना माझा विरोध आहे. तो गात नाही. तो कविता म्हणतो, खर्जातल्या सपाट आवाजात, सूट आणि हॅट घालून, एखाद्या खटल्यातल्या साक्षीदाराच्या शांतपणे. जमैकन क्रिओलमध्ये, उच्चाराप्रमाणे लिहिलेली कविता. रेगे या जमैकन संगीताचा बेस, म्हणजे खर्जातला ठेका, त्यात आधीपासून असतो, कागदावर वाचतानाही तो ऐकू येतो. शाहिराला डफ लागतो तो आवेशासाठी. जॉन्सनचा बेस आवेश दाबून धरतो, आणि त्यामुळेच ऐकणाऱ्याला बसल्या जागी अस्वस्थ व्हायला होतं. हा आवाज रेकॉर्डवर आणण्याचं मोठं श्रेय बार्बाडोसमध्ये जन्मलेल्या संगीतकार डेनिस बोव्हेलचं. १९७८चा 'ड्रेड बीट अँड ब्लड', मग १९७९चा 'फोर्सेस ऑफ व्हिक्टरी', १९८०चा 'बेस कल्चर'. रेकॉर्ड खपत होत्या, मोठ्या कंपन्या मागे होत्या, आणि याने १९८१मध्ये स्वतःची कंपनी काढली. संगीतावर पोट चालत होतं, तरी चळवळीचं काम त्याने सोडलं नाही.

तिथून ब्रिक्स्टन हिल चढून जेब अव्हेन्यूला गेलो. पर्यटकाने जावं असं तिथे काहीच नाही. गल्लीच्या टोकाला ब्रिक्स्टन तुरुंग आहे आणि आम्ही दोघी लांबूनच भिंत बघून परतलो. पण 'सनीज लेटा' या कवितेच्या डोक्यावर हाच पत्ता आहे. तुरुंगातून मुलाने आईला लिहिलेलं पत्र. धाकट्याला सांभाळायचं वचन त्याने आईला दिलेलं. दोघं बसस्टॉपवर उभे असताना पोलीस येऊन धाकट्याला धरतात, मोठा मध्ये पडतो आणि त्या झटापटीत एक पोलीस मरतो. धाकट्यावर आरोप 'सस'चा, मोठ्यावर खुनाचा. 'सस' म्हणजे १८२४च्या भटक्यांविरुद्धच्या कायद्यातलं कलम. गुन्हा करण्याच्या इराद्याने फिरतोय असा पोलिसांना संशय आला की पुरे, साक्षीलाही पोलीसच. कवितेचा शेवट मात्र शिष्टाचाराचा आहे. आई, खचू नकोस, तब्येतीला जप. रेकॉर्डवर सुरुवातीला माउथ ऑर्गन वाजतो. 'सस' १९८१ला रद्द झाला.

ते वर्ष समजून घ्यायला बस बदलत न्यू क्रॉसला गेलो. १९७३ ते १९७६ जॉन्सन इथल्याच गोल्डस्मिथ्स कॉलेजात समाजशास्त्र शिकला. त्याच रस्त्यावर पुढे ४३९ नंबरचं घर. १८ जानेवारी १९८१च्या पहाटे इथे वाढदिवसाची पार्टी चालू असताना आग लागली आणि १३ कोवळी काळी मुलंमुली गेली. आग कशी लागली यावर दोनदा चौकशी झाली, दोन्ही वेळा निर्णय खुलाच राहिला. कुणावरही खटला झाला नाही. जॉन्सनची यावरची कविता सुरू होते ती नाचगाण्याने, घामाने, मजेने, आणि मग एकदम धूर. शोककविता म्हणून जे आपण शिकतो त्यात एवढा नाच कुठेच नसतो. १९८४च्या 'मेकिंग हिस्ट्री'मध्ये ती आहे.

आग लागली त्यानंतर जॉन ला रोझ यांच्या अध्यक्षतेखाली कृती समिती झाली आणि २ मार्चला, सोमवारी, कामाच्या दिवशी, सुमारे २०,००० लोक न्यू क्रॉसच्या फोर्डहॅम पार्कमधून हाइड पार्ककडे निघाले. पुढच्याच महिन्यात ब्रिक्स्टनमध्ये पोलिसांनी काही दिवसांत नऊशेहून अधिक माणसांना रस्त्यात अडवून झडत्या घेतल्या आणि १० एप्रिलला रेल्टन रोड पेटला. जॉन्सनने त्याला दंगल म्हटलं नाही, उठाव म्हटलं. २००२मध्ये पेंग्विनने आपल्या 'मॉडर्न क्लासिक्स' मालिकेत त्याच्या निवडक कविता काढल्या, त्या मालिकेतला हा पहिला काळा कवी. त्यावर इंग्रजी वर्तुळात भुवया उंचावल्या म्हणे. २०२०मध्ये पेन पिंटर हे साहित्यातलं पारितोषिक मिळाल्यावर त्या खाली आल्या असाव्यात.

मोर्चाची अख्खी वाट चालण्याएवढे पाय आमच्याकडे उरले नव्हते. बसने ब्लॅकफ्रायर्स पुलापर्यंत आलो, कारण मोर्चाला पोलिसांनी अडवायचा प्रयत्न केला तो याच पुलावर, आणि तो पार करून फ्लीट स्ट्रीटवरून चालत निघालो. त्या दिवशी इथल्या इमारतींच्या खिडक्यांतून मोर्चेकऱ्यांची टर उडवली गेली, आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरांत त्यांना हुल्लडबाज ठरवलं गेलं. त्या वर्तमानपत्रांची कार्यालयं केव्हाच दुसरीकडे गेली, तिथे आता वकिलांच्या फर्म आणि कॉफीची दुकानं आहेत. भाचीने एका दुकानातून कॉफी आणली आणि विचारलं, "मावशी, त्या मासिकाचे जुने अंक कुठे वाचायला मिळतील?" ब्रिक्स्टनच्या विंडरश स्क्वेअरवर ब्लॅक कल्चरल आर्काइव्ह्ज आहे, तिथे आधी विचारून बघ, म्हटलं. माझं परतीचं विमान जवळ आलं होतं. तिने पुढच्या शनिवारी जायचं ठरवलं.