फोड बाहेर, गंज आत

तुम्ही विचारलंत, "गाडीच्या दाराखाली रंगाला फोड आलाय. घासून वरून रंग मारला तर चालेल ना?" जुनी गाडी जीव लावून सांभाळणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने मला कधी ना कधी हेच विचारलंय, म्हणून या वेळी जरा सविस्तर सांगतो.

खडा उडून रंगाचा टवका गेला असेल आणि तिथे तांबूस ठिपका दिसत असेल, तर चालेल. तो गंज बाहेरून लागलाय. पण फोड आला असेल, तोही दाराच्या खालच्या कडेला किंवा चाकावरच्या कमानीला, तर तो बहुतेक वेळा आतून आलेला असतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. तो फुगतो आणि रंगाला उचलतो. म्हणजे फोड नजरेस पडेपर्यंत आतल्या बाजूने पत्रा बराच खाल्लेला असतो, आणि बॉडीचा पत्रा मुळात जाड असतो तरी किती? पाऊण मिलिमीटरच्या आसपास.

माझ्या पहिल्या गाडीला मी तुम्ही म्हणता तेच केलं होतं. फोड खरवडला, भोक पडलं, त्यात लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुटी, भरली, घासली, रंग मारला. दिसायला उत्तम झालं. वर्षभरात तो लांबीचा गोळा कडेच्या पत्र्यासकट हातात आला. उलटा करून पाहिला तर त्याच्या पाठीला गंजाचे ओले पापुद्रे चिकटलेले, आणि भोकात बोट घातलं तर आत चिखल. गाडी दोन दिवस कोरड्या जागी उभी होती, तरी आत चिखल. पाणी तिथे थांबत होतं आणि ते का थांबतंय हे मी पाहिलंच नव्हतं.

दारात पाणी शिरतंच. काच खालीवर होते त्या फटीतून ते आत उतरणार हे गाडी बनवणाऱ्यांनी गृहीतच धरलेलं असतं, म्हणून दाराच्या तळाला पाणी जायला भोकं ठेवलेली असतात. दाराखालच्या पोकळ भागालाही, ज्याला मी उंबरा म्हणतो, तशीच भोकं असतात. धूळ, पानांचा चुरा, कधी कुणीतरी मारलेला जाड रंग, यांनी ती बुजतात. मग आत तळं साचतं. चाकाच्या कमानीची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथे दोन पत्रे दुमडून एकमेकांवर बसवलेले असतात आणि त्यांच्या आतल्या कडेवर चिखल अडकून दिवसेंदिवस ओला राहतो. त्या चिखलात मीठ असेल, समुद्राकाठचं किंवा बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं, तर गंज फार वेगाने पसरतो.

म्हणून आधी पाण्याची वाट मोकळी करायची आणि मग पत्र्याकडे वळायचं. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने फोडाच्या आजूबाजूला ठोकत जा. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, सडलेला बद्द वाजतो. बद्द आवाज आला तिथे टोकाने दाबा. टोक आत गेलं तर जाऊ द्या, तो पत्रा तसाही गेलेलाच होता. बहुतेकांना फोडापेक्षा तीन-चारपट जागा सडलेली सापडते आणि ते तिथेच हबकतात. हबकू नका. खरी हद्द कळली हे चांगलंच झालं.

भोक नसेल तर रंग चकाकत्या पत्र्यापर्यंत काढा, फोडाच्या पुढे दोन-तीन बोटं तरी. तारेच्या ब्रशवर विसंबू नका. तो गंजाला पॉलिश करतो, खड्ड्यातला काळा गंज तसाच राहतो आणि पत्रा स्वच्छ झाल्यासारखा वाटतो. ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर वापरा आणि उरलेल्या खड्ड्यांना फॉस्फोरिक अ‍ॅसिडचं गंजरोधक लावा. गंजाचं लोहाच्या फॉस्फेटमध्ये रूपांतर होतं. डब्यावर लिहिलं असेल तसं ते धुऊन किंवा पुसून काढा, पूर्ण वाळू द्या, आणि मग त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर, मारा. उघड्या पत्र्याला हात लावू नका, घामाच्या बोटांचेसुद्धा डाग उमटतात. लांबी लावायचीच तर प्रायमरवर, आणि पातळ. हे सगळं करताना चष्मा आणि मास्क हवाच.

भोक असेल तर त्याला एकच उपाय, सडलेला पत्रा कापून नवं ठिगळ वेल्ड करणं. सलग वेल्ड मारली की पातळ पत्रा तापून वाकडा होतो, म्हणून एक टाका इथे, दुसरा पलीकडे, असं थांबत थांबत करावं लागतं. आधी बॅटरीच्या तारा काढायच्या, आतलं कार्पेट काढायचं, पेट्रोलची नळी कुठून जाते ते बघायचं. उंबरा, जॅक लावायची जागा, सीट बेल्टचे बोल्ट, सस्पेन्शन जिथे बसतं तो भाग, या ठिकाणी मात्र स्वतः प्रयोग करू नका. अपघातात तुमचा जीव त्या पत्र्यावर अवलंबून असतो, तिथे जाणत्या वेल्डरचाच हात हवा.

रंग वाळला की काम संपलं असं समजून लोक थांबतात, याचं मला फार वाईट वाटतं. पत्र्याची आतली बाजू अजून उघडीच असते, आणि वेल्डिंगच्या उष्णतेने तिथलं जुनं संरक्षणही जळून गेलेलं असतं. पोकळीत लांब नळीने मेण फवारायचं. ते सांध्यांत झिरपतं आणि ओल पत्र्यापर्यंत पोचू देत नाही. फवारून झालं की तळाची भोकं पुन्हा तारेने मोकळी करायची, नाहीतर मेणानेच ती बुजायची.

तर आज एक काम करा. दार उघडा, खाली वाका आणि तळाच्या कडेची भोकं शोधून त्यांत हळूच तार घाला. काही बाहेर आलं तर खाली पांढरा कागद धरा. नुसती माती आली तर तुम्ही वेळेत आहात. तांबूस पाणी आणि पत्र्याचे पापुद्रे आले, तर रंगाचा डबा विकत घेण्याआधी मला बोलवा, आपण दोघं मिळून ठोकून बघू.