मीटिंग आठवत नाही, ते हसू आठवतं

आज परत तेच. दीड तासाची मीटिंग झाली, वही समोर उघडी होती, आणि बाहेर आल्यावर एकीने विचारलं काय गं, डेडलाइन कधीची ठरली, तर मला सांगताच येईना. पण त्याआधी चौघीजणी चहाला उठल्या, मला कोणी चल म्हटलं नाही आणि दाराशी जाऊन हळूच हसल्या, ते मात्र कोण कुठे उभी होती इथपर्यंत लख्ख आठवतंय.

इतकी वर्षं मला वाटायचं माझी मेमरीच वीक आहे. मग 2000 सालच्या एका प्रयोगाबद्दल वाचलं, वेंडी गार्डनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. चॅटमध्ये काही जणांना मुद्दाम एकटं पाडलं आणि नंतर सगळ्यांना एक डायरी वाचायला दिली, तर एकटे पडलेल्यांना त्यातल्या माणसामाणसांतल्या गोष्टीच जास्त लक्षात राहिल्या. म्हणजे डोकं विसरत नाही, ते माणसंच टिपत बसतं! 2002 मध्ये रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनाही दिसलं की पुढे तू एकटा पडशील असं सांगितलेल्या लोकांचं साधं पाठांतर ठीक असतं, पण विचार करून सोडवायचे प्रश्न चुकतात. वाचून मी खूप वेळ नुसती बसून होते.

आणि हे प्रयोग काही मिनिटांचे. आमचं रोजचं आहे. त्यात माझी जोडीदार एक बाई आहे हे लपवणं वेगळंच. मराठीत तर क्रियापदच चुगली करतं, 'ती आली' म्हटलं की संपलं, म्हणून 'घरचे आले होते', 'आम्ही गेलो होतो', 'दोघी' म्हणायचं नाही कारण मग रूममेट का, लग्न कधी, हे सुरू होतं. प्रत्येक वाक्य तोंडातून बाहेर पडायच्या आधी तपासायचं आणि तेवढ्यात समोरचा पुढच्या मुद्द्यावर गेलेला असतो, मग मीटिंग कुठून लक्षात राहणार? हा आळशीपणा नाही, मी दिवसभर डोक्याने राबत असते, फक्त ते काम कोणाला दिसत नाही. शाळेतही 'लक्ष कुठे असतं तुझं' हेच ऐकलं. लक्ष होतं, मागच्या बाकावरच्या कुजबुजीकडे होतं.

रात्री तिने विचारलं, कसा गेला दिवस. भांडी पुसत पुसत सगळं सांगत सुटले, कोण हसलं, कोण काय म्हणालं, आणि मधेच अचानक आठवलं, बुधवार. डेडलाइन बुधवारची आहे.